तेलाचा हात

कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या शिबिरात माझ्या भावाला बुडालेला माणूस केलं होतं. कँटीनच्या लांब टेबलावर त्याला उघडा, नुसत्या चड्डीवर, उताणा झोपवला होता. हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, हसायचं तर अजिबात नाही, असं बजावलं होतं. भोवती खुर्च्यांवर सगळे साहेब लोक. मुंबईहून आलेले, नौदलातून निवृत्त झालेले शिक्षक त्याची हनुवटी धरून मान मागे करत होते, नाक चिमटीत धरून दाखवत होते आणि सगळं इंग्रजीत सांगत होते. मी दारात वड्याची कुपनं घेऊन उभी होते. दादाच्या पोटावर माशी बसली होती आणि त्याला ती उडवता येत नव्हती. मला हसू आलं. त्या हसण्याचा मला आज राग येतो.

शिबिर होतं पाणबुड्यांना वाचवण्याबद्दलचं. आमचा कारखाना अंबरनाथला, रसायनांचा. त्याला पाणी लागायचं रोज ढीगभर आणि ते यायचं बदलापूरच्या पुढे नदीकाठी असलेल्या पंपघरातून. तिथे एक खोल विहीर होती. नदीचं पाणी आधी तिच्यात यायचं आणि मग पंप ते ओढायचे. विहिरीच्या तोंडाला लोखंडी जाळी. त्या जाळीत जलपर्णी, गोणपाट, निर्माल्य, कधी मेलेलं कुत्रं, जे नदीतून येईल ते अडकायचं. ते काढायला दोन पाणबुडे पगारावर ठेवले होते. एक माझा दादा आणि दुसरे खरवईचे एक काका, पन्नाशीला टेकलेले. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, कमरेला दोरी. एक जण खाली उतरला की दुसऱ्याने वर दोरी धरून बसायचं. काका म्हणायचे, "पोरा, माजी दोरी तुजे हातान असली ना, मंग मना भ्याव नाय."

पाण्यात उतरणारे दोन आणि शिकायला बसलेले साहेब चौदा. त्या चौदांपैकी एकालाही नदीचं पाणी घोट्याच्या वर लागलेलं मी पाहिलं नाही. पंपघर ज्यांच्याकडे होतं त्या आमच्या साहेबांना मी बिचकतच विचारलं होतं, "साहेब, पाणबुड्यांना नाही का बसवायचं?" ते म्हणाले, "अहो बाई, सगळं इंग्लिशमध्ये आहे. त्यांना काय झेपणार? आम्ही शिकू आणि मग खाली सांगू." ही 'खाली सांगू'ची पद्धत आमच्या कारखान्यात फार जुनी होती. वरून निघालेली गोष्ट खाली पोचली असं एकदाही झालं नाही. बोनस कमी झाल्याची बातमी तेवढी वेळेवर पोचायची.

दादाला अर्धा दिवस मढं करून झाल्यावर साहेब म्हणाले, "चल, आता तू जा, वडा खा." तो कपडे चढवून दाराशी आला. कुपन द्यायचं तर कागदावर सही घ्यायची असा नियम होता आणि कागद माझ्याच हातात होता. त्यावर वर शिबिराचं नाव, तारीख आणि 'उपस्थिती' असं छापलेलं. दादाने सही केली. वडा खाल्ला, चहा प्यायला आणि पंपघरावर निघून गेला. आत शिक्षकांनी प्राणवायूच्या नळकांड्याचा विषय काढला तेव्हा तो बदलापूरच्या गाडीत बसला होता.

संध्याकाळी शिक्षकांची टिपणं माझ्याकडे टाइपला आली. मी त्या ऑफिसात इंग्रजी टायपिस्ट होते, टेंपररी. दर सहा महिन्यांनी नेमणुकीचा कागद नवा व्हायचा, आणि तो होईलच असं नसायचं. टायपिंग मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये शिकले होते, खाली जीन्स शिवायच्या मशीन आणि वर आमच्या मशीन. तिथले सिंधी सर पाठीमागे फिरत एकच गोष्ट सांगायचे, "बेटी, मतलब मत पढ, अक्षर पढ. मतलब पढेगी तो स्पीड गई." त्यांचं खोटं नव्हतं. मी मतलब वाचायचं सोडलं आणि माझी स्पीड वाढली. त्या स्पीडवरच मला नोकरी मिळाली. ती टिपणंही मी अशीच केली. नऊ पानं, एकही खोडाखोड नाही. शेवटच्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात रिवाजाप्रमाणे छोट्या अक्षरांत माझी आद्याक्षरं. साहेब खूश झाले. प्रती साहेबांमध्ये वाटल्या गेल्या, एक फाइलला लागली आणि त्यानंतर चौदा जणांना सोनेरी काठाची सर्टिफिकेटं आली.

शिक्षकांच्या सांगण्यावरून कारखान्याने एक पेटी विकत घेतली. लाकडी पेटीत प्राणवायूचं छोटं नळकांडं, काळं अंग आणि पांढरा गळा, त्याच्याबरोबर दाब दाखवणारी काचेची तबकडी असलेलं एक यंत्र, नळकांडं उघडायची किल्ली, नळी आणि मुखवटा. बुडालेला माणूस श्वास घ्यायला लागला की त्याला यातून प्राणवायू द्यायचा. पेटी पंपघरात ठेवली. आतल्या बाजूला सूचनांचा कागद चिकटवला होता, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. दादाने मला विचारलं होतं, "त्यात काय लिहिलंय गं?" मी म्हटलं, "बघते कधी आले की." मी पंपघरावर कधी गेलेच नाही.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. ज्याने कारखान्यातली खंडेनवमी पाहिलीय त्याला जास्त सांगायला नको. आदल्या दिवशी एकेक मशीन धुवायचं, पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. पाना असो, पक्कड असो, पंप असो, तेलाने चकाकलं पाहिजे. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. वर्षभर ज्या हत्याराला शिव्या घातल्या त्याच्या पाया पडायचं. मला त्यात वाईट काही दिसत नाही, हत्याराची कदर करणारी माणसं आहेत.

पण आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन सालानंतर देव्हारा काढला तो काढला. दादा पूजा करायचा नाही आणि प्रसादाला नाही म्हणायचा नाही. पंपघरातल्या लोकांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. "तुला आरतीचं ताट नको ना? मग तू तेलपाणी बघ." अशी दर वर्षी तेलाची बाटली आणि चिंधी दादाच्या हातात यायची. त्यात कोणाची खुन्नस नव्हती. उलट दादाला ते आवडायचं. तो म्हणायचा, "पूजा त्यांची, मेहनत आपली. बुद्धाला काय हरकत असणार?" आणि तो असं तेल लावायचा की पंपात तोंड दिसावं.

त्या वर्षी साहेब स्वतः पंपघरावर येणार होते, बायकोला घेऊन, नारळ फोडायला. आदल्या दिवशी जीपमधून फेरी मारून ते सांगून गेले, "सगळं चकाचक पाहिजे. ती नवी पेटीही उघडी ठेवा, तिला पण हार घालू. तेलाचा हात फिरवा सगळ्याला." हे वाक्य चार जणांनी ऐकलं होतं. साहेबांकडे सर्टिफिकेट होतं. साहेबांकडे माझी नऊ पानं होती. दादाकडे चिंधी होती. त्याने नळकांड्याचा गळा पुसला, तोंडाचे आटे पुसले, ते यंत्र पुसलं, किल्ली पुसली आणि सगळ्याला तेल लावलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या बोटाने त्या नळकांड्याला कुंकू लावलं.

दसऱ्याला नदीत देव्यांचं विसर्जन झालं आणि नेहमीप्रमाणे चौथ्या दिवशी जाळी तुंबली. काका खाली उतरले, दोरी दादाच्या हातात. पुढचं मी दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटतं. दोरीला तीन झटके आले, मग दोरी सैल पडली. दादा टाकी न लावताच उडी मारून खाली गेला. मूर्तीच्या आतला पेंढा, सुतळ्या आणि कोणाची तरी हिरवी साडी यांत काकांचा हात गुंतला होता आणि तोंडातली नळी निसटली होती. दादाने सुरीने सगळं कापलं आणि काकांना वर आणलं. काका काळेनिळे, श्वास नाही.

पंपघरातली दोघं धावली. एक म्हणाला पालथा घाल, दुसरा म्हणाला पाय धरून उलटा कर, पोटातलं पाणी काढ. गावागावात हेच करतात आणि माणूस जातो. दादाने दोघांना ढकललं. त्याने काकांना उताणं केलं, हनुवटी वर धरली, मान मागे केली, नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. कोणी त्याला शिकवलं नव्हतं. टेबलावर मढं होऊन पडलेला असताना त्याच्या मानेला, हनुवटीला, नाकाला जे कळलं होतं तेच त्याने केलं. तो नंतर म्हणाला, "मला कुठं ठाऊक होतं बरोबर की चूक. माझी मान जिथवर नेली होती तिथवर त्यांची नेली." काही वेळाने काका खोकले, ओकले आणि श्वास घ्यायला लागले. ओठ मात्र निळेच होते. तेव्हा दादाला पेटी आठवली.

त्याने यंत्र नळकांड्याला बसवलं आणि किल्ली फिरवली. दाबातल्या प्राणवायूला तेल लागलं की काडी ओढावी लागत नाही. फट्‌ असा आवाज झाला आणि पांढरी ज्वाला त्याच्या हातावरून तोंडावर आली. तबकडीची काच फुटून उजव्या डोळ्यात गेली. काका चार हात लांब होते म्हणून वाचले.

ऑफिसात फोन आला तेव्हा मी कसलंतरी कोटेशन टाइप करत होते. साहेबांनी केबिनमधून बाहेर येऊन सांगितलं, "तुमच्या भावाने काहीतरी घोटाळा केलाय पंपघरावर." भावाला लागलंय, असं नाही. घोटाळा केलाय. मी ते कोटेशन मशीनमध्ये तसंच टाकून निघाले. उल्हासनगरच्या दवाखान्यात दादाच्या दोन्ही हातांना आणि अर्ध्या तोंडाला बँडेज होतं. शेजारच्या खाटेवर काका बसलेले, चांगले श्वास घेत, आणि रडत. "बाय गो, मना काय नाय झायला. त्याचा डोला गेला. माजेपायी गेला." वहिनी दोन्ही मुलांना घेऊन भिंतीला टेकून उभी होती. तिने मला एकच विचारलं, "आता कामावर ठेवतील ना हो?" तेव्हापासून आमच्या घरात हाच एक प्रश्न राहिला. डोळा गेला तो गेला, नोकरी राहील का?

तीन दिवसांनी पेटी विकणाऱ्या कंपनीचा माणूस ऑफिसात आला, जळकी पेटी तिथे आणून ठेवली होती. त्याने जळलेले आटे नाकाजवळ नेले आणि विचारलं, "इथे तेल कोणी लावलं?" आमचे साहेब त्याच्या शेजारीच उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "काय सांगायचं! ह्या लोकांना कितीही ट्रेनिंग द्या. अंधश्रद्धा, पूजाअर्चा, तेल, कुंकू. दोष कुणाला द्यायचा?" माझ्या भावाच्या नावावर पूजा लावली! ज्या घरात तीस वर्षं उदबत्तीसुद्धा फक्त बुद्धासमोर लागली त्या घरातल्या माणसाच्या नावावर! मी टायपिंगच्या खुर्चीतून हे ऐकलं आणि माझ्या कानशिलांत असं काही तापलं की मला अक्षरं दिसेनात.

तेल हा शब्द मात्र डोक्यात अडकला. दुपारच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले असताना मी फाइल काढली आणि माझीच नऊ पानं पहिल्यांदा वाचली. म्हणजे मतलब वाचला. पाचव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की प्राणवायूच्या नळकांड्याला, आट्यांना, यंत्राला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, तेलकट हातही लागू देऊ नये, आग लागते. त्याखाली रेघ होती. ती रेघ मीच मारली होती, मशीनवर, मूळ कागदात होती म्हणून. वाटपाच्या यादीत चौदा साहेबांची नावं होती, पंपघराचं नाव नव्हतं. मला आधी साहेबांचा राग आला. मग कोपऱ्यातली माझी आद्याक्षरं दिसली आणि तो राग गिळताही येईना, थुंकताही येईना.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं आणि आरोपपत्र सांगायला सुरुवात केली. इंग्रजी टायपिस्ट मी एकटीच. "प्रशिक्षण घेऊनही सूचनांचा भंग करून..." एवढं झाल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली.

"साहेब, त्याला प्रशिक्षण कुठे दिलं? त्याला टेबलावर झोपवलं होतं."

"हजेरीच्या कागदावर त्याची सही आहे."

"ती वड्याची सही आहे!"

"वर काय छापलंय ते वाचा. आणि सही तुम्हीच घेतलीत ना? अहो बाई, मी समजू शकतो, भाऊ आहे. पण इथे तुम्ही ऑफिसच्या आहात. पुढच्या महिन्यात तुमचा कागद नवा व्हायचाय, नाही का?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी ते आरोपपत्र टाइप केलं. हो, केलं. वहिनी मला विचारते की तुम्ही ते का केलंत, आणि मी तिला सांगते की मी केलं नसतं तर कॅम्प तीनमधून कोणीही दहा मिनिटांत करून दिलं असतं. हे खरं आहे आणि तरी ते उत्तर नाही.

पण घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं. तो खाटेवर बसला होता, डोळ्यावर पट्टी, हाताची बोटं अजून उलगडत नव्हती. वहिनी त्याला भात भरवत होती. मी म्हटलं, "दादा, चौकशीत मी ती नऊ पानं टेबलावर टाकणार. लिहिलेलं होतं, साहेबांना ठाऊक होतं, तुला कोणी सांगितलं नाही, आणि वर त्यांनीच तेल लावायला सांगितलं. तुला विचारतील, तेलाचं तुला कोणी सांगितलं होतं का. तू फक्त नाही म्हण. एवढंच."

"तुझी अक्षरं आहेत ना त्यावर? तुला विचारतील, तू का नाही सांगितलंस."

"विचारू देत. मी सांगेन, मी वाचलं नव्हतं."

"मग तुला काढतील."

"काढू देत! टेंपररीला काय काढायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी देताहेत आणि तू माझी नोकरी बघतोस? तू नाही म्हणायचंस. खरं तेच सांगायचंय, खोटं नाही."

वहिनीने पुढचा घास धरला, तो त्याने खाल्ला. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

चौकशी कारखान्यातच झाली, त्याच कँटीनच्या हॉलमध्ये. टेबलामागे चौकशी करणारे मोठे अधिकारी, त्यांच्या बाजूला आमचे साहेब आणि एक युनियनचा माणूस, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंडात गुळणी धरल्यासारखा बसला होता. पंपघरातल्या ज्या चौघांनी साहेबांचं 'तेलाचा हात फिरवा' ऐकलं होतं त्यांतल्या दोघांना बोलावलंच नाही. उरलेल्या दोघांपैकी एक आपण तेव्हा पंप बघत होतो म्हणाला आणि एक म्हणाला, आठवत नाही. काका गेटवर सकाळपासून उभे होते, पांढरा धुतलेला सदरा घालून. त्यांना आत घेतलं नाही. ज्याचा जीव वाचला त्याला साक्षीला बोलवायची गरज नाही, असं ठरलं.

मी पानं टेबलावर ठेवली. मोठ्या साहेबांनी पाचवं पान वाचलं, वाटपाची यादी वाचली आणि आमच्या साहेबांकडे पाहिलं. एक क्षण मला वाटलं, जमलं. आमचे साहेब पुढे वाकले आणि त्यांनी शेवटचं पान उलटून कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ही अक्षरं कुणाची?"

"माझी."

"म्हणजे ही सूचना तुमच्या हाताखालून गेली. एप्रिलमध्ये. आणि तुम्ही एकाच घरात राहता. सहा महिने. एकाच घरात, बाई. मग पंपघराला सांगायचं आमच्याकडूनच राहून गेलं का?"

"मी वाचलं नव्हतं, साहेब. मी टाइप केलं."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मला तो हसणारा कोण ते आजही ठाऊक आहे. मोठे साहेब म्हणाले, "टायपिस्ट म्हणते वाचलं नाही. हे गंभीर आहे. याचीही नोंद घ्यावी लागेल." आणि त्यांनी दादाला आत बोलावलं.

दादा आला. हातांवर गुलाबी नवी कातडी, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. त्याला खुर्ची दिली नाही. मोठ्या साहेबांनी त्याला पान दाखवलं, मराठीत समजावून सांगितलं आणि मग विचारलं, "तुझी बहीण म्हणते तुला कोणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतः तुला हे सांगितलं होतं की नाही? नीट विचार करून सांग. सांगितलं नसेल तर तिच्यावरही कारवाई होईल."

मी दादाच्या चांगल्या डोळ्याकडे बघत होते. मी मान हलवली. स्पष्ट हलवली, सगळ्यांना दिसेल अशी. नाही म्हण.

"सांगितलं होतं साहेब," दादा म्हणाला. "घरी जेवताना सांगितलं होतं तिनं. मीच विसरलो."

मी ओरडले, "खोटं बोलतोय!" मोठे साहेब म्हणाले, तुम्ही बाहेर बसा. युनियनच्या माणसाने चहाचा कप उचलला. आमच्या साहेबांनी लिहून घेतलं, आणि दादाने आपल्या त्या न वळणाऱ्या बोटांत पेन धरून खाली सही केली.

गेटबाहेर मी त्याच्यावर तुटून पडले. अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात, भर दुपारी, भाजीवाल्यांच्या गाड्यांमधून चालताना मी त्याला मूर्ख म्हटलं, भेकड म्हटलं, आईवरून बोलले. आमच्या मागे काका चालत होते, मध्येमध्ये "बाय, असू दे" म्हणत. दादा एवढंच म्हणाला, "दोघांचीही गेली असती. त्यांना मला काढायचंच होतं. तुला कशाला सोबत न्यायची?" मी म्हटलं, "मला जायचं होतं! तुझ्याबरोबर जायचं होतं! खरं बोलून जायचं होतं!" तो म्हणाला, "हळू बोल, लोक बघताहेत."

त्याला काढलं. माझा कागद नवा झाला आणि वर्षभराने मला कायम केलं. त्या पगारावर त्याची दोन्ही पोरं शिकली, हे मला लोक कौतुकाने ऐकवतात. नव्वदचं दशक सरता सरता कारखाना बंद पडला, तोवर मी तिथे होते, त्याच साहेबांची पत्रं टाइप करत, आता प्रत्येक ओळीचा मतलब वाचत. माझी स्पीड निम्मी झाली आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल दिली. भाषणात त्यांनी सुरक्षिततेसाठी भरवलेल्या शिबिरांचा उल्लेख झाला. ते भाषणही मीच टाइप केलं होतं.

नातेवाइकांत दादाचं फार कौतुक आहे. भाऊ असावा तर असा, म्हणतात. मला ते ऐकवत नाही. एका माणसाचा जीव वाचवलेला माणूस कागदावर निष्काळजी ठरला, तो त्याच्याच सहीने आणि माझ्यासाठी. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. मी तर तोंडाने सांगितलं होतं, मान हलवून सांगितलं होतं. त्याने माझं ऐकलं नाही.

आणि आता वयपरत्वे तर कहरच झालाय. इतकी वर्षं हेच सांगून सांगून त्याला ते खरंच वाटायला लागलंय. नातवंडांना डोळ्याची गोष्ट सांगताना तो म्हणतो, "तुमच्या आत्याआजीने बजावलं होतं मला, तेल लावू नको म्हणून." त्या दिवशी जेवायला बोंबलाचं कालवण होतं हेही सांगतो. मी स्वयंपाकघरातून ओरडते, तो हसतो, मुलं हसतात, वहिनी मला गप्प राहायची खूण करते. आमच्या घरात हे कोणी मानायला तयार नाही, आणि कारखान्याच्या कागदांत तर उलटच लिहून ठेवलंय. म्हणून मी इथे लिहिते. मी त्याला सांगितलं नव्हतं.